राणी हुकूम देत नाही : खानापूर-बेळगाव भागातल्या मुंग्या

कणकुंबीचा पाऊस

काजूला मोहर आला की आमच्या खानापूर तालुक्यात पुष्कळ जण आधी हुमल्यांच्या, म्हणजे झाडावर पानं जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या, मागे लागतात. कुणी घरट्यावर औषध मारतं, कुणी काठीला चिंध्या बांधून पलिता लावतं. कारण उघड आहे. बोंडं काढायला झाडावर चढलं की हे तांबडे हुमले मानेत, काखेत, मिळेल तिथे चावतात आणि चावलेल्या जागी आम्ल सोडतात. नुसती आग होते. तो त्रास मी नाकारत नाही. पण ज्यांना आपण जाळतो ते झाडावर नेमकं काय करतात आणि त्यांची वसाहत चालते कशी, हे एकदा सविस्तर बोलावं असं बरेच दिवस मनात होतं. चर्चा हुमल्यांपुरती ठेवायची गरज नाही. परड्यातले डोंगळे, बांधावरच्या लाल मुंग्या, साखरेच्या डब्यातल्या बारक्या, सगळ्यांवर लिहा.

मुंग्यांचा विषय निघाला की आपण राणीपासून सुरुवात करतो आणि तिथेच गल्लत होते. राणी अंडी घालते. चाऱ्याला कुणी जायचं, पिल्लं कुणी सांभाळायची, घरटं कुठल्या फांदीवर बांधायचं, यातलं काहीही ती ठरवत नाही. आतल्या अंधारात बसून ते ठरवायची तिला सोयही नाही. हजारो, कधी लाखो कामकऱ्या आपापल्या पुढ्यात जे दिसतं, जो वास येतो, जी शेजारीण भेटते त्यावरून वागतात, आणि त्यातून अख्खी वसाहत शहाण्यासारखी चालते. मला मुंग्यांमधलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं.

हुमले घरटं बांधत असतील तर अर्धा तास काढून बघा. सुरुवातीला चार-दोन जणी वेगवेगळ्या पानांच्या कडा ओढून पाहत असतात. जिथे पान थोडं वाकतं तिथे शेजारच्या येऊन ओढायला लागतात. जिथे ते ढिम्म हलत नाही तिथल्या सोडून देतात. बघता बघता एका कडेला ओळ उभी राहते. मागचे पाय या पानावर रोवलेले, जबड्यात त्या पानाची कड. मधलं अंतर जास्त असेल तर एकीची कंबर दुसरी धरते, दुसरीची तिसरी, आणि साखळीच साखळीला ओढत पानं जवळ आणते. पानं भिडली की काही जणी जुन्या घरट्यातून अळ्या तोंडात धरून आणतात. अळीचं डोकं पानाच्या कडेला टेकवायचं, तिने रेशीम सोडलं की तिला पलीकडच्या कडेला न्यायचं, पुन्हा अलीकडे. असं करत पांढरा पडदा विणला जातो. इतर कितीतरी मुंग्यांच्या अळ्या हे रेशीम स्वतःच्या कोषासाठी वापरतात. हुमल्यांच्या अळ्या ते सगळं घराला देतात आणि स्वतः उघड्याच कोषावस्थेत जातात.

साधारणपणे एका वसाहतीत एकच राणी असते, पण घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात. हद्दीवरच्या घरट्यांत म्हाताऱ्या कामकऱ्या राहतात. शेजारच्या वसाहतीशी जुंपली की आधी त्या पुढे होतात आणि तरुण आत पिल्लांपाशी राहतात. जिचे दिवस थोडे उरलेत ती मेली तर वसाहतीचं नुकसान कमी, असा हा हिशेब. पण तो कुणी बसून केलेला नाही. वयानुसार काम बदलत जाणं हे मुंग्यांच्या अंगातच आहे.

आता काजू. कोवळ्या पालवीचा आणि मोहराचा रस शोषणारा ढेकण्या हा काजूचा मोठा शत्रू. हुमले त्याची शिकार करतात, त्याला झाडावर टिकू देत नाहीत. उत्तर ऑस्ट्रेलियात काजू आणि आंब्याच्या बागांत हुमले मुद्दाम राखून प्रयोग झाले आणि त्याचा फायदा दिसला. चीनमध्ये तर इ. स. ३०४ च्या सुमाराच्या लिखाणात संत्र्याच्या झाडांसाठी हुमल्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याची नोंद आहे. म्हणजे किडीसाठी कीड वापरायची ही जगातली सर्वात जुनी माहीत असलेली पद्धत. आपण मात्र विकत न घेता आलेल्या राखणदाराला आग लावतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शहापूर पेठ

माझा यंत्रमागाचा धंदा, आजोबा हातमागावर होते. अळीला धरून या काठावरनं त्या काठावर नेतात हे वाचलं आणि तिथंच थांबलो. हा तर धोटा झाला की! आमचा लाकडाचा, त्यांचा जिवंत.

खरं एक गोष्ट पटंना बघा. आमच्याकडं लक्ष ठेवायला माणूस नसला तर दोन तासांत ताणा तुटून बसतोय. तिथं लाखभर मुंग्या आणि सांगणारं कोणच नाही? निदान रांग तरी कोणीतरी लावत असणार की.

कणकुंबीचा पाऊस

शहापूरकर, प्रश्न अगदी नेमका विचारलात. रांगेचंच घेऊ.

भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली असेल तर तिच्यावर आडवं बोट एकदा घासा. मुंग्या त्या जागी येऊन अडतात, मिशा हलवत इकडेतिकडे फिरतात. मागून येणाऱ्या तिथेच साचतात. थोड्या वेळाने एखादी पलीकडे पोचते आणि रांग पुन्हा सुरू होते. बोटाने तुम्ही पुसलात तो वास. खाणं सापडलेली मुंगी परतताना पोट जमिनीला टेकवत वासाचा माग सोडते. दुसरीला तो लागला की ती त्याच्यावरून जाते, तिलाही खाणं मिळालं तर तीही वास सोडते. खाणं संपलं की रिकाम्या परतणाऱ्या वास सोडत नाहीत, माग उडून जातो, रांग मोडते. सुरू करायला कुणी लागलं नाही आणि बंद करायलाही.

ब्रुसेल्समध्ये देनुबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वारूळ आणि खाणं यांच्यामध्ये दोन पूल ठेवले, एक आखूड, एक लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हींवरून गेल्या. थोड्याच वेळात जवळजवळ सगळ्या आखूड पुलावर. एकाही मुंगीने अंतर मोजलेलं नव्हतं. आखूड पुलावरच्या लवकर परतल्या, त्यामुळे तिथे वास आधी साठला, त्या वासाने आणखी मुंग्या आल्या, वास आणखी वाढला. इतकंच. हीच रीत घेऊन मार्को दोरिगो यांनी १९९२ मध्ये आपल्या प्रबंधात संगणकासाठी पद्धत मांडली. मालमोटारींचे मार्ग आखण्यासारख्या कामांत ती वापरतात.

चाऱ्याला किती जणींनी निघायचं हेही असंच ठरतं. डेबोरा गॉर्डन यांनी अमेरिकेच्या वाळवंटी भागात दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. दाणा घेऊन परतणाऱ्या मुंग्या बिळाच्या तोंडाशी जितक्या भराभर भेटतात तितक्या भराभर आतल्या बाहेर पडतात. बाहेर दाणे विरळ असले तर परतायला उशीर, भेटी कमी, म्हणून निघणाऱ्याही कमी.

आणि वर कुणी नसल्याची किंमतही मोजावी लागते. दक्षिण अमेरिकेतल्या लष्करी मुंग्या जवळपास आंधळ्या, पुढचीच्या वासावर चालणाऱ्या. त्यांचा एखादा जथा मुख्य फौजेपासून तुटला आणि पुढची वळून शेवटचीच्या मागे लागली की चक्र सुरू होतं. विल्यम बीबी यांनी १९२१ मध्ये गयानातलं असं एक चक्र नोंदवलं, घेर सुमारे ३७० मीटर. एका मुंगीला फेरी पुरी करायला अडीच तास लागत होते. बऱ्याच जणी फिरता फिरताच मेल्या. सांगणारं कुणी असतं तर ती फेरी पहिल्याच वळणावर मोडली असती.

निपाणीची लेक

खूप छान चालू आहे धागा. माझे दोन प्रश्न. आमची आजी मिरगाच्या आधी दारात बसून सांगायची, मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्या, आता पाऊस येतोय. आणि बहुतेक वेळा यायचाही. मुंग्यांना खरंच कळतं का? दुसरं, स्वयंपाकघरातल्या बारीक पिवळसर मुंग्यांवर फवारा मारला की चार दिवस जातात आणि मग तीन ठिकाणांहून येतात. असं का होतं?

उचगाव माळ

ताई, मी प्राणिशास्त्र शिकवतो, माझ्या परीने सांगतो.

त्या तोंडात घेऊन धावतात ती अंडी क्वचितच असतात. मुंगीचं अंडं इतकं बारीक असतं की नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसतं. आपल्याला दिसतात त्या पांढऱ्या गोळ्या म्हणजे अळ्या आणि कोष. त्यांना ठरावीक ऊब आणि ओल लागते, म्हणून कामकऱ्या त्यांना दिवसातसुद्धा खालीवर हलवत असतात. हवेतला दमटपणा वाढला, जमिनीत ओल उतरली की हलवाहलव वाढते. वळवाच्या आणि मिरगाच्या दिवसांत हवा दमट असतेच आणि पाऊसही जवळ असतो, त्यामुळे आजींचं निरीक्षण फुकट नव्हतं. मुंगी उद्याचा पाऊस सांगत नाही, आत्ताची हवा ओळखते.

त्याच दिवसांत संध्याकाळी पंखवाले डोंगळे उडालेले बघितले असतील. ते नर आणि भावी राण्या. पहिल्या चांगल्या पावसानंतर आसपासच्या कितीतरी वसाहतींतून ते साधारण एकाच वेळी उडतात, म्हणून वेगवेगळ्या वसाहतींतल्यांची गाठ पडते. मिलन झालं की नर मरतो. राणी खाली उतरते, स्वतःचे पंख स्वतः मोडून टाकते आणि मऊ झालेल्या मातीत बीळ करून आत शिरते. पहिल्या कामकऱ्या तयार होईपर्यंत ती बाहेर पडत नाही. पंखांचे स्नायू आता उपयोगाचे नसतात, ते अंगातच विरघळतात आणि त्यावर पहिली पिल्लं पोसली जातात. त्या पहिल्या कामकऱ्या अगदी खुज्या निघतात. उडालेल्या शेकडो राण्यांतून एखादीच इथवर पोचते, बाकीच्या पाली, बेडूक आणि पाखरांच्या पोटात जातात. पोचली मात्र तर ती दीर्घकाळ जगते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी प्रयोगशाळेत २८ वर्षं जगल्याची नोंद आहे. उडताना एकदा साठवलेलं बीज तिला जन्मभर पुरतं.

स्वयंपाकघरातल्या तुमच्या मुंग्या बहुतेक फॅरो मुंग्या असाव्यात. त्यांच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. फवाऱ्याने वसाहत बिथरली की एखाद-दुसरी राणी, काही कामकऱ्या आणि थोडी पिल्लं असे घोळके फुटतात आणि नव्या जागी संसार मांडतात. एकीच्या तीन होतात त्या अशा. फवारा बंद करा. साखरपाण्यात बोरिक पावडर शंभराला एक भाग, एवढीच घालून बाटलीच्या बुचात त्यांच्या वाटेवर ठेवा. जास्त घातली तर मुंगी वाटेतच मरते, आत काही पोचत नाही. कमी असली तर ती पोटात घेऊन घरी जाते, एकमेकींना भरवते आणि राण्यांपर्यंत पोचवते. पोरांचा आणि मांजराचा हात लागणार नाही असं मात्र ठेवा.

सौंदत्तीची शाळा

नमस्कार. आमच्या शाळेत मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतली मुलं आहेत. यल्लम्माच्या डोंगरावर, माळावर वारुळं पुष्कळ. नागपंचमीला पूजाही असते. मुलांनी विचारलं, सर, वारूळ मुंग्या बांधतात की नाग? मी वाळवी म्हणालो, तर मुलं म्हणतात वाळवी म्हणजे पांढरी मुंगीच ना. त्यांना नीट पटेल असं कसं सांगू?

तळेवाडी रान

सर, मुलांना आधी दोन्ही किडे शेजारी शेजारी दाखवा. मुंगीची कंबर बारीक असते आणि मिशा कोपरात मोडल्यासारख्या वाकलेल्या. वाळवीला कंबरच नाही, मिशा सरळ मण्यांच्या. मुंगी ही गांधीलमाशी आणि मधमाशीच्या नात्यातली. वाळवी झुरळांच्या कुळातली. दोघींनी वसाहतीत राहायची रीत वेगवेगळ्या काळात, आपापली शोधली. मुंग्यांत कामकरी सगळ्या माद्या. वाळवीत कामकरी नरही असतात आणि मादीही, आणि राणीबरोबर राजा जन्मभर राहतो.

माळावरची मोठी मातीची वारुळं वाळवीची. नाग ती बांधत नाही. आत गारवा असतो, उंदीर असतात, म्हणून ओस पडलेल्या वारुळात तो शिरतो.

आणखी एक गोष्ट मुलांना नक्की आवडेल. ही वाळवी शेती करते. वाळलेलं लाकूड, पाला खाऊन आणते आणि आत त्याच्यावर बुरशी वाढवते. पावसाळ्यात वारुळावर छत्र्या फुटतात ती अळंबी म्हणजे त्या शेतातलंच पीक. आपल्या खानापूरच्या बाजारात टोपलीत येतात त्यांतली कित्येक वारुळावरचीच. वाळवीची ही शेती सुमारे ३ कोटी वर्षांची. अमेरिकेतल्या पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या पूर्वजांनी बुरशीची शेती त्याहून आधी, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी सुरू केली, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. डायनोसॉर संपले तो हा काळ. उन्हं झाकली गेली, झाडं मेली, सडक्या पाल्यावर बुरशी फोफावली आणि तिला धरून राहिलेल्या मुंग्या तगल्या.

हलशी

सगळं वाचतोय. मला कोडं पडतं ते वेगळंच. कामकरी मुंगी स्वतः पिल्लं घालत नाही, दुसरीची सांभाळून मरते. मग हा स्वभाव पुढच्या पिढीत उतरतो कसा? ज्याला पोरंच नाहीत त्याचे गुण मागे राहतातच कसे?

कणकुंबीचा पाऊस

हलशीकर, हा प्रश्न खुद्द डार्विनला पडला होता. १८५९ च्या ग्रंथात त्याने वांझ कामकऱ्यांची अडचण आपल्या सिद्धान्तापुढची मोठी अडचण म्हणून मांडली आणि उत्तराची दिशाही दिली, निवड एकट्या जिवाची होते तशी कुटुंबाचीही होऊ शकते.

त्याचं गणित १९६४ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी मांडलं. मुंग्यांत फळलेल्या अंड्यातून मादी होते, न फळलेल्या अंड्यातून नर. म्हणजे नराला बापच नाही, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच, आणि तो सगळ्या मुलींना तोच्या तोच देतो. त्यामुळे एकाच आई-बापाच्या बहिणींचं एकमेकींशी नातं पाऊण येतं आणि आईचं लेकीशी अर्धंच. बहीण वाढवली तर आपले गुण लेक वाढवण्यापेक्षा जास्त पुढे जातात. पण एवढ्यावर भागत नाही. वाळवीत नर-मादी दोघांकडेही दोन-दोन संच असतात, तरी तिच्यात वांझ कामकरी आहेतच. काही मुंग्यांच्या राण्या अनेक नरांशी मिलन करतात, तिथे बहिणींचं नातं पातळ होतं. म्हणून नात्याच्या जोडीला राखता येण्याजोगं घर, एकट्याने पिल्लं वाढवण्यातला धोका, या गोष्टीही धरायला लागतात.

मुंग्यांचे पूर्वज डंख मारणाऱ्या गांधीलमाशीसारखे. जनुकांवरून हिशेब केला तर मुंग्या १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात. आतापर्यंतचा सर्वात जुना पक्का जीवाश्म ब्राझीलमधला, ११.३ कोटी वर्षांपूर्वीचा, २०२५ मध्ये जाहीर झाला. पुढे फुलझाडं पसरली, त्यांच्या पाल्याखाली किडे वाढले आणि मुंग्यांच्या जाती फुटत गेल्या. आज नावं दिलेल्या जाती १४ हजारांवर आहेत. पृथ्वीवरच्या मुंग्यांचा २०२२ मध्ये केलेला अंदाज २० वर पंधरा शून्यं एवढा होता. सगळे रानटी सस्तन प्राणी आणि पक्षी एकत्र केले तरी त्यांच्या शरीरातल्या कार्बनपेक्षा मुंग्यांचा जास्त भरतो.

राणी आणि कामकरी असा भेद पक्का होण्याआधीची अवस्था मधल्या टप्प्यावरच्या जातींत बघायला मिळते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या, कागदी घरटं करणाऱ्या एका गांधीलमाशीचा दीर्घ अभ्यास केला. तिच्यात राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. राणी अगदी शांत, कुणावर धावून जात नाही. ती गेली की एक कामकरी एकदम आक्रमक होते आणि काही दिवसांत नवी राणी बनून पुन्हा शांत होते. पुढची कोण, हे आपल्याला आधी ओळखता येत नाही.

तळेवाडी रान

हाच धागा धरून भीमगड अभयारण्याच्या बाजूला, पश्चिम घाटात दिसणारी एक मुंगी सांगतो. उडी मारणारी मुंगी, शास्त्रीय नाव हार्पेग्नाथोस साल्टेटर. लांब, पुढे आलेले चिमट्यासारखे जबडे आणि चेहऱ्याच्या मानाने फार मोठे डोळे. ती रांगेने जात नाही. दिवसाउजेडी एकटी फिरते, मध्येच थांबून मान वळवून बघते. पाऊल जवळ पडलं तर ती जागची उडून जाते. शिकार डोळ्यांनी हेरून उडी घालून धरते.

राणी मेली की बहुतेक मुंग्यांची वसाहत हळूहळू संपते. इथे तसं होत नाही. कामकऱ्या जोड्याजोड्यांनी समोरासमोर उभ्या राहून मिशांनी एकमेकींना फटके देतात. ही झुंज ४० दिवसांपर्यंत चालते. जिंकणाऱ्या थोड्या जणी अंडी घालू लागतात. त्यांच्या अंडाशयाची वाढ होते आणि मेंदू सुमारे पाचव्या भागाने आक्रसतो. शिकारीला जायचं नाही, मग एवढा मेंदू पोसायचा कशाला. साधी कामकरी सात महिने जगते, ही चार वर्षं. आणि २०२१ मध्ये दाखवून दिलेली गोष्ट अशी की अशा मुंगीला वेगळी काढून पुन्हा कामकरी व्हायला लावलं तर मेंदू परत पूर्वीएवढा भरतो. कीटकांत असं उलट जाणं आधी कुणी पाहिलं नव्हतं.

तिचं घरही आपल्या पावसाला धरून. वरचं दालन भोवतालच्या मातीपासून सुटं, मध्ये मोकळी पोकळी, त्यामुळे झिरपणारं पाणी बाहेरून निघून जातं. आतल्या भिंतींना रिकाम्या कोषांचं अस्तर लावलेलं असतं.

दुसरी डायकॅमा. काळी, राखाडी झाक, अंगावर बारीक रेघा. हिच्यात वेगळी राणी जन्मतच नाही. कोषातून निघणाऱ्या प्रत्येक मादीच्या पाठीवर दोन इवल्या गाठी असतात. अंडी घालणारी मुंगी नव्या जन्मलेलीच्या गाठी तोडून टाकते. गाठी गेल्या की ती मिलन करू शकत नाही, जन्मभर कामकरी राहते. घर बदलायचं तर एक वाट माहीत असलेली पुढे, दुसरी तिच्या पाठीला मिशा लावत मागे, अशी एकेकीला नेऊन पोचवते. हिच्या बिळाच्या तोंडाशी पिसं, मेलेल्या मुंग्या पसरलेल्या दिसतात. कोरड्या दिवसांत त्यांच्यावर पहाटे दव धरतं आणि मुंग्या ते थेंब तोडून आत नेतात, अशी भारतातलीच नोंद १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली आहे.

जाता जाता आणखी एक. आमच्या गावाजवळच्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाची ख्याती जाणकारांत आहे. १९१३ मध्ये त्याला नाव दिलं गेलं ते रॉटन नावाच्या वन अधिकाऱ्याचं. याच रॉटन यांनी मुंबई इलाख्यात नोकरी करताना मुंग्या जमवल्या आणि १८९२ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात भारतातल्या मुंग्यांवर लेख लिहिला. आपल्या रानाशी जोडलेलं हे नाव मुळात मुंग्यावाल्याचं आहे याचा मला फार आनंद वाटतो.

निपाणीची लेक

उचगाव माळ, बोरिकचं करून बघते. तळेवाडी दादा, झाडाच्या फांदीवर मातकट-काळा, फुटबॉलएवढा गोळा असतो, हात लावला की मुंग्या शेपटी डोक्यावर उचलतात, ते काय?

तळेवाडी रान

ती क्रिमॅटोगॅस्टर मुंगी. लाकडाचा आणि पाल्याचा भुसा चावून त्याचा लगदा करते आणि त्याचा गोळा बांधते. उचलते ते पोट, पाठीमागून थेट डोक्यावर आणते आणि टोकावर विषाचा थेंब काढून शत्रूला पुसते. तांबूस सुतार पक्षी याच जिवंत गोळ्यात भोक पाडून अंडी घालतो. एरवी तो त्याच मुंग्या खातो, तरी पिल्लं तिथेच वाढवतो. असा गोळा दिसला तर पाडू नका ताई.

दोडामार्ग

घाटाखालून लिहितोय. आमच्याकडेही काजूच. हुमले राखावेत हे पटलं, पण दोन शंका. एक, त्यांच्या घरट्याजवळ पिठ्या ढेकूण आणि खवले कीड जास्त दिसते, ते कसं? दोन, काढणी कशी करायची?

कणकुंबीचा पाऊस

पहिली शंका खरी आहे आणि ती लपवून उपयोग नाही. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड झाडाचा रस पितात आणि गोड चिकटा टाकतात. हुमल्यांना तो हवा असतो, म्हणून ते त्या किडींना सांभाळतात, त्यांना खाणाऱ्या किड्यांना हाकलतात. चवळीवर मावा आणि मुंग्या एकत्र दिसतात तोच प्रकार. म्हणून झाडावर नजर ठेवायची. एखाद्या फांदीवर कीड फारच झाली तर तेवढी फांदी छाटायची. अख्ख्या झाडावर औषध मारलंत तर ढेकण्या पुन्हा येईल आणि त्याला धरायला कुणी उरणार नाही.

काढणीला झाडावर चढायची गरज मुळात कमी आहे. पिकून आपोआप पडलेलं बोंड उचललं तर बी पूर्ण भरलेली मिळते. सकाळी झाडाखाली गोळा करायचं. चढावंच लागलं तर हातापायांना राख चोळून चढा, राखेवर त्यांचे पाय नीट धरत नाहीत.

दोडामार्ग

राखेचं आमच्याकडेही करतात. एका झाडावर हुमले आहेत, शेजारच्या चार झाडांवर नाहीत. तिकडे न्यायचे कसे?

कणकुंबीचा पाऊस

झाडाझाडांमध्ये दोरी किंवा बांबू बांधा. चीनमधले संत्रेवाले बांबूच बांधायचे. हुमल्यांना जमिनीवरून जाण्यापेक्षा वरची वाट बरी वाटते, काही आठवड्यांत ते स्वतःच पुढच्या झाडावर घरटी करतात. घरटं तोडून नेऊन बांधलंत आणि त्यात राणी नसली तर ती वसाहत टिकत नाही, आणि राणी नेमक्या कुठल्या घरट्यात आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून दोरीच बरी.

फक्त दोरी बांधण्याआधी एक करा. दोन्ही झाडांवर हुमले असतील तर एका झाडावरचे काही हुमले काडीवर घेऊन दुसऱ्यावर सोडा. मिशा लावून शांतपणे मिसळले तर वसाहत एकच आहे, खुशाल जोडा. तिथल्यांनी पाय धरून ताणायला सुरुवात केली तर वसाहती वेगळ्या आहेत. ती दोन झाडं जोडायची नाहीत, आणि एकमेकांना लागलेल्या फांद्या असतील तर त्याही छाटून अंतर ठेवायचं, नाहीतर दोन्हीकडचे महिनोन्‌महिने लढण्यात जातील आणि ढेकण्याकडे बघायला कुणी राहणार नाही.